एकाच नियोक्त्याकडे

पंचफुलाबाईंनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. पिवळी, निळी, गुलाबी, पांढरी कार्डं घसरत जाऊन अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासाला भिडली.

“हे काय आहे?” अध्यक्ष मोहोडसाहेबांनी विचारलं.

“माही नोकरी हाय जी,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्सांची. सारे गेटपास हायेत. नऊ ठेकेदार झाले, दर ठेकेदाराचा रंग अलग.”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक हात टेबलावर टेकवला आणि समितीच्या अकराही आमदारांवरून एकदा नजर फिरवली.

“मले येकच इचारायचं हाय. हा जो नवा कायदा तुमी करून राहिले, त्यात मी हाय का नाही?”

दाभेरीच्या औष्णिक वीज केंद्राचं ते करमणूक सभागृह होतं. एरवी तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांची नाटकं आणि हळदीकुंकू होत असावं. रंगमंचावर अजून झिरमिळ्या लटकत होत्या. फेब्रुवारीचा महिना. अकरा वाजताच पंखे लावावे लागले होते आणि पंख्यांनी कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक फाइलीवर कुणी मोबाइल, कुणी चष्म्याची डबी ठेवलेली होती.

विधेयक तसं साधं होतं. जुने कोळशावरचे संच ठरावीक मुदतीत टप्प्याटप्प्याने बंद करायचे, त्याच जागांवर सौर ऊर्जेची केंद्रं आणि वीज साठवण्याची व्यवस्था उभारायची, आणि बंद पडणाऱ्या केंद्रांतल्या कामगारांना सरकारी खर्चाने नवं काम शिकवून तिथेच सामावून घ्यायचं. हिवाळी अधिवेशनात ते मांडलं गेलं. सभागृहात गदारोळ झाला आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने ठरवलं की सगळ्यात आधी जे केंद्र बंद होणार त्या दाभेरीला जाऊन लोकांचं ऐकायचं.

मी, हेमलता सोनटक्के, त्या समितीबरोबर गेले होते. मंत्रालयात विधेयकांचे मराठी मसुदे तयार करणाऱ्या शाखेत मी सव्वीस वर्षं काम केलं होतं. इंग्रजीत मसुदा यायचा आणि त्याचं मराठी माझ्या टेबलावर व्हायचं. दौऱ्यात माझं काम फारसं नव्हतं. एखाद्या सदस्याने अमुक शब्दाचा अर्थ काय म्हणून विचारलंच, तर सांगायचा. म्हणून मी अधिकाऱ्यांच्या रांगेत अगदी कडेला, खिडकीजवळ बसले होते.

मोहोडसाहेब डाव्या कानाने कमी ऐकत. त्यांनी उजवा कान पुढे केला. “काय म्हणाल्या?”

“मी हाय का नाही, असं म्हनलं जी.”

अध्यक्षांनी वर्तकसाहेबांकडे पाहिलं. वर्तक आमचे सहसचिव, माझे वरिष्ठ. निवृत्तीला पाच महिने राहिलेला, इस्त्रीच्या शर्टातला, कधी आवाज न चढवणारा माणूस. ते उभे राहिले.

“अध्यक्ष महोदय, कलम दोनमध्ये कामगाराची व्याख्या आहे. त्याने एकाच नियोक्त्याकडे सलग दहा वर्षं सेवा केलेली असली पाहिजे. या बाईंचे नियोक्ते नऊ झाले. कुणाकडेच दहा वर्षं भरत नाहीत. त्यामुळे या व्याख्येत त्या बसत नाहीत.”

“नियोक्ता म्हंजे?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“ज्याने तुम्हाला कामावर ठेवलं तो. तुमचा ठेकेदार.”

“पण ठेकेदार तं वरतून बदलले सायेब. मी कोठं बदलली? मी तं तोच पट्टा, तेच फावडं.”

कोळसा ज्या पट्ट्यावरून आत जातो त्याच्याखाली तो सांडतो. तो सांडलेला कोळसा फावड्याने उचलून परत वर टाकायचा, हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांच्यामागे अशा सत्तर-ऐंशी बायका आणि तीनेकशे पुरुष उभे होते. सगळे ठेकेदारांचे कामगार. कायम नोकरीतले लोक पुढच्या खुर्च्यांवर बसलेले होते आणि त्यांची साक्ष सकाळीच शांतपणे होऊन गेली होती.

“तुमचा मुद्दा आम्ही नोंदवून घेतला,” मोहोडसाहेब म्हणाले. “बघू. जेवणानंतर पुढचे साक्षीदार घेऊ.”

पंचफुलाबाई कार्डं गोळा करू लागल्या. एक पिवळं कार्ड पंख्याच्या वाऱ्याने माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून दिलं. त्यांनी “हो जी” म्हणून ते घेतलं आणि पिशवीत टाकलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला तेव्हा एवढंच जाणवलं होतं की वर्तकसाहेबांच्या वाक्यातला एक शब्द माझ्या कानाला लागला. चप्पल घालताना खडा टोचतो, तसं. नेमकं काय टोचतंय ते कळत नव्हतं. जेवायला सगळे विश्रामगृहाकडे निघाले तशी मी म्हटलं, माझी पिशवी बसमध्ये राहिली. बसमध्ये जाऊन मी इंग्रजी मसुदा काढला, कलम दोन उघडलं आणि तिथेच पायरीवर बसले.

इंग्रजीत ‘एका नियोक्त्याकडे’, म्हणजे कुणा ना कुणा नियोक्त्याकडे, असं होतं. ‘एकाच’ नव्हतं.

मी दोनदा वाचलं. मग मराठी मसुदा काढून शेजारी ठेवला. ‘एकाच नियोक्त्याकडे सलग दहा वर्षांपेक्षा कमी नाही इतकी सेवा.’ टंकलेखनाची चूक म्हणावी तर ती नव्हती. मला ती दुपार आठवली. अधिवेशन आठ दिवसांवर आलेलं, एकाच वेळी चार विधेयकं टेबलावर. ‘एका नियोक्त्याकडे सलग दहा वर्षे’ असं मी आधी लिहिलं होतं. ते वाचताना लंगडं वाटलं. मग मी तिथे एक ‘च’ घातला आणि वाक्य कसं ताठ उभं राहिलं. मला आवडलं होतं ते. मी मान डोलावली होती आणि पुढच्या कलमाकडे वळले होते.

मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझ्यावर दबावही नव्हता. वाक्य चांगलं दिसावं म्हणून मी तो घातला, बस.

विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला हात धुवायचा नळ होता. वर्तकसाहेब तिथे एकटे सापडले. मी दोन्ही मसुदे त्यांच्यासमोर धरले आणि सांगितलं.

त्यांनी हात रुमालाला पुसले, चष्मा लावला, दोन्ही वाचले.

“तुम्हाला खात्री आहे, बाई?”

“हो. तो ‘च’ मी घातला.”

“हा मसुदा अकरा सह्यांतून गेलाय. माझी सही त्यात आहे. मंत्रिमंडळापुढे गेला तो मराठीच गेला. मंत्रिमंडळाने जे मंजूर केलं ते धोरण. आता तो ‘च’ तुमचा राहिलेला नाही.”

“पण मूळ मसुद्यात नाही साहेब.”

“मूळ मसुद्यातलं वाक्य दोन्हीकडे ओढता येतं. कुणी म्हणेल, ‘एका’चा अर्थ एकाच असाच होता.” त्यांनी चष्मा काढला. “आणि दुसरं सांगतो. नव्या केंद्रात किती माणसं घ्यायची, किती जणांना शिकवायचं, ते सगळं या व्याख्येवर मोजलंय. साडेतीनशे कायम कामगार. तुमचा ‘च’ काढला की दाभेरीतच दीड हजार होतात. आणि अशी आणखी चार केंद्रं आहेत रांगेत. हे विधेयकच गुंडाळून ठेवतील. मग या साडेतीनशेंनाही काही मिळणार नाही. ते चालेल तुम्हाला?”

मी दोन्ही मसुदे मिटले. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही आहे असं म्हणत नाही.

“मुंबईला गेल्यावर मी टिपणी ठेवतो,” ते म्हणाले. आवाज मवाळ होता. “रीतसर. समितीपुढे अधिकारी विचारल्याशिवाय बोलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जेवून घ्या.”

मी जेवायला बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो तसाच ताटात राहिला. त्यांची टिपणी खरोखर ठेवली गेली असती, याबद्दल मला शंका नाही. वर्तक शब्दाचे पक्के होते. पण टिपण्यांचं काय होतं हे मी सव्वीस वर्षं पाहिलं होतं. टिपणी वर जाते, ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली येते, आणि तोवर अधिवेशन संपलेलं असतं.

दुपारी अडीचला बैठक पुन्हा सुरू झाली. पहिल्या साक्षीदाराचं निम्मं झालं असेल नसेल, मागून एक माणूस ओरडला, “त्या कलमात नेमकं लिहिलं काय आहे ते तरी वाचून दाखवा! आम्हाला कुणी नीट सांगत नाही.” त्याच्या मागे आणखी पाच-सहा आवाज उठले. बंदोबस्ताचा पोलीस पुढे सरकला. मोहोडसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“बरोबर आहे त्यांचं. कायदा त्यांच्यासाठी आणि वाचायचा आपणच? कलम दोन कोण वाचतंय?” त्यांनी रांगेवर नजर टाकली. “भाषेच्या कोण आल्यात ना तुमच्या? त्यांना सांगा. मोठ्याने, सावकाश.”

वर्तकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. कर्मचाऱ्याने माइक आणून दिला.

मी वाचायला सुरुवात केली. “‘कामगार’ याचा अर्थ, औष्णिक केंद्रात काम करणारी आणि अधिनियमाच्या अंमलाच्या दिनांकास सेवेत असलेली अशी व्यक्ती, जिने एकाच नियोक्त्याकडे—”

तिथे मी थांबले. ठरवून थांबले असं नाही. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि पुढचा येईना.

“काय झालं?” अध्यक्ष म्हणाले. “अक्षर लागत नाही का?”

“अक्षर लागतंय, अध्यक्ष महोदय. ‘एकाच’मधला ‘च’ माझा आहे.”

“म्हणजे?”

“इंग्रजी मसुद्यात ‘एका नियोक्त्याकडे’ आहे. मराठी करताना ‘च’ मी घातला. कुणी घालायला सांगितला नव्हता. त्या एका अक्षराने ठेकेदारांकडचे सगळे कामगार बाहेर गेले आहेत. चूक माझी आहे. समितीने ती दुरुस्त करावी, अशी माझी विनंती आहे.”

विनंती करण्याचा मला अधिकार नव्हता. ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

एक तरुण सदस्य उठून म्हणाले की हे गंभीर आहे, मंत्रिमंडळाची दिशाभूल झाली. दुसरे म्हणाले की उलट बाईंनी खरं सांगितलं. दोघे एकमेकांवर बोलू लागले. मोहोडसाहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

“वर्तक, या म्हणतात ते खरं आहे?”

वर्तकसाहेब उभे राहिले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी दोन्ही मसुदे पाहिले, अध्यक्ष महोदय. खरं आहे. मराठी मसुदा तपासून पुढे पाठवणारा मी. तपासणीत हे माझ्या नजरेतून सुटलं.”

“मग काढून टाका तो ‘च’. लिहून घ्या.”

टाळ्या वाजायला लागल्या. पोलीससुद्धा हसला. मी खाली बसणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“नाही जी. तेवढ्यानं नाही होत.”

पंचफुलाबाई पुढे आल्या. या वेळी पिशवी त्यांच्या हातात नव्हती, काखेत होती.

“काहून नाही होत?” अध्यक्षांनी त्यांच्याच बोलीत विचारलं. ते अमरावतीकडचे.

“आता या मॅडम म्हनतात ‘एका’. उद्या ठेकेदार म्हनन ‘एका’ म्हंजे एकच. तो कागद त्याच्या हाती राहीन. तवा या मॅडम थोडीच इथं राहतीन सांगाले?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसातलं ते पहिलंच पाहणं. “ठेकेदाराचं नावच नका घेऊ जी. ठेकेदार नऊ झाले. गेट तं एकच हाय नं? आमी रोज त्याच गेटातून आत गेलो. गेटाचं लिहा.”

मोहोडसाहेब माझ्याकडे वळले. “बाई, हे कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं?”

मी उभ्या उभ्याच फाइलीवर लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते मोठ्याने वाचलं, तर पंचफुलाबाई म्हणाल्या, “‘सलग’ म्हंजे?” मी सांगितलं, खंड न पडता. त्या म्हणाल्या, “ठेका संपला का दोन-दोन महिने घरी बसोतो आमी, नवा येयेपर्यंत. ते पडते का खंड?” मागच्या बायका “हो ना, हो ना” करू लागल्या. मी पुन्हा लिहिलं. साधारण वीस मिनिटं ते चाललं. अकरा आमदार, तीन सहसचिव, एक जिल्हाधिकारी बसून होते आणि कोळशाच्या पट्ट्याखाली काम करणारी बाई माझ्या वाक्यातले एकेक शब्द तपासत होती. सव्वीस वर्षांत माझा मसुदा कुणी इतका बारकाईने तपासला नव्हता.

शेवटी झालं ते असं: ‘जिने, कितीही नियोक्त्यांमार्फत असो, एकाच औष्णिक केंद्रात एकूण दहा वर्षांपेक्षा कमी नाही इतकी सेवा केलेली आहे; मग दोन कंत्राटांच्या दरम्यान सेवेत खंड पडलेला असो वा नसो.’

“आता ठीक हाय,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या.

मुंबईला परतल्यावर चौथ्या दिवशी आम्हा दोघांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी जे घडलं ते लिहून दिलं. वर्तकसाहेबांनी एका ओळीचं उत्तर दिलं: तपासणीची जबाबदारी माझी होती. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी चहा झाला, पण सचिव आले नाहीत. मला मसुद्यांच्या कामावरून काढून जुन्या राजपत्रांच्या दालनात बसवलं. उरलेली चार वर्षं मी तिथेच काढली. काम वाईट नव्हतं. धुळीने सर्दी मात्र कायमची मागे लागली.

विधेयक गुंडाळलं गेलं नाही. तीन महिने कुरकुर झाली, दुसऱ्या दोन केंद्रांची मुदत लांबवली गेली, काही आकडे खाली आले. जुलैच्या अधिवेशनात ते मंजूर झालं आणि पुढच्या एक जानेवारीपासून लागू झालं. राजपत्र माझ्याच दालनात आलं. मी कलम दोन काढून वाचलं. आमचं वाक्य जसंच्या तसं होतं.

निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नासाठी नागपूरला जाणं झालं. लग्न उरकल्यावर एक दिवस हातात होता. मी सकाळच्या बसने दाभेरीला गेले. कुणाला कळवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की माझ्या हातून दुरुस्त झालेलं काही दिसतं का. एवढा स्वार्थ होता त्यात.

दिसलं. धुरांड्यांतून धूर येत नव्हता. कोळशाचं जिथे आवार होतं तिथे निळ्या-काळ्या सौर पाट्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्या रांगांमध्ये निळे शर्ट घातलेल्या बायका काम करत होत्या. कुणी लांब दांड्याच्या पुसण्याने पाट्या पुसत होती, तर एकजण तारांची पेटी उघडून बसली होती, मीटर लावून काहीतरी तपासत. फाटकावरच्या माणसाला मी पंचफुला कोडापे कुठल्या पाळीला असतात म्हणून विचारलं.

“त्या इथं नसतात,” तो म्हणाला. “गावात असतात. गोंडमोहल्ल्यात विचारा.”

त्या ओसरीवर मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग “अगं माय, ‘च’वाल्या मॅडम!” म्हणून उठल्या. सुनेने पाणी आणलं. सुनेच्या अंगात निळा शर्ट होता; दुपारच्या पाळीला निघायची तिची तयारी चालली होती.

“तुम्ही नाही गेलात कामाला?” मी विचारलं.

“मी कशी जाईन जी? मले तं ठेकेदारानं जूनमधीच थांबवलं. साठ भरले नं.”

मी हिशेब केला. जून. कायदा लागू झाला जानेवारीत. अंमलाच्या दिनांकास सेवेत असलेली व्यक्ती. ते शब्द माझेच होते, आणि ते बरोबर होते. इंग्रजीतही तसेच होते, मराठीतही तसेच. त्यात कुणाची चूक नव्हती. सात महिने.

“अर्ज केला होता का?” माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. “सात महिन्यांचा तर प्रश्न होता. समितीकडे, मोहोडसाहेबांकडे—”

“कायले? मले तं तवाच माहीत होतं.”

“तेव्हा म्हणजे कधी?”

“तुमी सारे आले तवा. या सुनेनं आदल्या दिवशी आख्खा कायदा वाचून दाखवला होता मले, कलम दोन तं तीनदा. तारखेचं बी होतं त्यात. कायदा व्हाले साल तरी लागन, तवा मी घरी बसेन, हे दिसतच होतं.” त्या पुन्हा खाली बसल्या आणि सुपातली फुलं पुढे ओढली. “त्या कायद्यात मी नव्हतीच, मॅडम. ‘च’ राहिला असता तरी नव्हती, नाही राहिला तरी नव्हती.”

“मग तुम्ही विचारलंत का? ‘मी आहे का’ म्हणून?”

“‘आमी हाय का’ म्हनलं असतं तं सायेब लोक म्हनले असते, बघू. आमी म्हंजे कोन? आमचं तोंड दिसत नाही त्याइले. येक बाई टेबलासमोर उभी राहून म्हनते मी हाय का नाही, तं हो म्हना लागते नाही तं नाही म्हना लागते. ते वर्तकसायेब नाही म्हनले. बरं झालं. नाही म्हनल्याशिवाय कुनाच्या पोटात कालवलं नसतं.”

सून हसली. मला हसता आलं नाही. त्या दिवशी बाकीचे कामगार त्यांना पुढे करून मागे उभे राहिले असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या स्वतःच पुढे आल्या होत्या, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं त्या कागदात काही नव्हतं. माझ्या वाक्यातला ‘सलग’ पकडून त्या वीस मिनिटं उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा त्यातला एकही शब्द त्यांच्या कामाचा नव्हता.

“आता आल्याच हाय तं बसा,” त्या म्हणाल्या. “येक काम होतं. सून गेली का वाचनारं कोनी नाही.”

आतून त्यांनी एक छापील सूचना आणली. केंद्राची राख जिथे सोडत तो जुना तलाव भरून त्यावरही सौर पाट्या बसवायच्या होत्या आणि त्याभोवती कुंपण येणार होतं. नकाशात कुंपणाची रेघ गावापासून नदीपर्यंत जाणाऱ्या वाटेवरून गेली होती. त्या वाटेने गावाची गुरं पाण्यावर जात आणि तिच्या टोकाला गावाची दफनभूमी होती. हरकती तीस दिवसांत द्यायच्या होत्या. मी तारीख पाहिली. एकोणतिसावा दिवस होता.

“पाट्यांले आमची ना नाही,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “घरात त्याच पाट्यांची भाकर हाय. पन वाट पाह्यजे.”

सुनेने निघता निघता वहीतली चार पानं फाडून दिली. मी वाटेची रुंदी विचारली, त्या म्हणाल्या, दोन बैलगाड्या बाजूबाजूनं. किती वर्षांपासून वापरता विचारलं, त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारली. अर्ज होईस्तोवर ऊन उतरलं होतं आणि माझी नागपूरची बस गेली होती. मी त्यांच्याकडेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी एसटीने जिल्ह्याला गेलो.

कार्यालयातल्या लिपिकाने अर्ज घेतला, उलटसुलट करून पाहिला. अक्षर आणि भाषा बघून त्याला शंका आली असावी. त्याने माझ्याकडे मान वर केली.

“तुम्ही कोण? यांच्या वकील का?”

मी काही बोलण्याच्या आत पंचफुलाबाईंनीच उत्तर दिलं.

“लिहिनारी हाय माही,” त्या म्हणाल्या. “चुकली तं सांगते. शिक्का मारा.”